जुना कन्सोल विकताय? आधी हे तपासा 🎮

जुनं म्हणजे महाग, असं कन्सोलच्या बाजारात नसतं. प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला, म्हणून साधा वापरलेला नग आजही तुलनेनं स्वस्त मिळतो. उलट निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय (१९९५) सपशेल आपटला, वर्षाच्या आत बंद झाला. आज संग्राहक तोच शोधतात. सोनी-निन्टेन्डोच्या फिसकटलेल्या भागीदारीतला एक नमुना कन्सोल तर २०२० च्या लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला!

भाव कशावर ठरतो?

📦 खोका, माहितीपुस्तिका, मूळ कंट्रोलर. खोके बहुतेकांनी फेकले, म्हणून त्यांनाच वेगळी किंमत.

🟡 रंग. करड्या-पांढऱ्या प्लास्टिकचे कन्सोल उन्हानं पिवळे पडतात आणि भाव उतरतो.

🔋 आतले भाग. सेगा गेम गिअरचे कपॅसिटर गळतात. आवाज बसतो, पडदा अंधारतो. पहिल्या एक्सबॉक्समधल्या घड्याळाचा कपॅसिटरही गळून बोर्ड खातो. वापरत नसलात तरी उघडून बघा.

आणि हो, ऑनलाइन कुणी किती मागतंय ते पाहू नका. प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं, तोच खरा भाव.