छोट्या ट्रॅक्टरला खोदाईचा हात

कृषी प्रदर्शनात छोट्या ट्रॅक्टरमागे बसवलेला खोदाईचा हात दिसला, की शेतकऱ्याचे पाय तिथंच थबकतात. ‘घ्यावा का हो?’ हे मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. त्यावर मी हो-नाही म्हणत नाही, उलट तीन प्रश्न विचारतो.

पहिला, वर्षाकाठी खोदाईचे तास किती? आंबा १० बाय १० मीटरवर लावला, तर एकरी ४० खड्डे बसतात. मीटरभर लांब, रुंद आणि खोल असा एकेक खड्डा धरला, की ४० घनमीटर माती उपसावी लागते. काम मोठं खरं, पण ते एकदाच. कलमं लागली की अवजार शेडमध्ये उभं.

आता हिशेब मांडू. समजा, अवजार ३ लाखांना पडलं. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज ३० हजार. दहा वर्षं टिकेल असं धरलं, तर वर्षाची झीज आणखी ३० हजार. डिझेल, दुरुस्ती न धरताच ६० हजार झाले! भाड्याचा जेसीबी तासाला १२०० रुपये धरला, तर तेवढ्यात ५० तास मिळतात, तेही चालक आणि डिझेलसकट. शिवाय त्याच्या एका तासाच्या कामाला छोट्या हाताला कितीतरी जास्त वेळ लागतो. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच.

दुसरा प्रश्न, ट्रॅक्टरला झेपेल का? जोसेफ बॅमफर्ड यांनी १९५३ साली असा हात बसवला तो फोर्डसन मेजर या दणकट ट्रॅक्टरवर. आजचा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास भरतो, आपला पंधरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जेमतेम टनभर. नुसता तीन बिंदूंच्या जोडणीवर लटकवलेला हात सगळा ताण गिअरबॉक्सच्या कवचावर टाकतो. म्हणून तो ताण पुढच्या सांगाड्यापर्यंत वाटून नेणारी लोखंडी चौकट आहे का, हे वाकून बघा. ट्रॅक्टरचा मूळ पंप अवजार उचलण्यापुरता असतो. सलग खोदाईसाठी पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी असलेली बरी. मध्य प्रदेशात बुदनी इथं ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते, तिचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. हा हात बसवला तरी ट्रॅक्टरची वॉरंटी राहील, हे लेखी घ्या.

तिसरा प्रश्न, मोठं यंत्र तुमच्याकडे पोचतं का? द्राक्षबागेच्या ओळी, पॉलिहाऊस, कोकणातल्या दोन गडग्यांमधली पाणंद अशा ठिकाणी छोटाच उपयोगी. मात्र कोकणातल्या जांभ्यात त्याचे दात शिरणार नाहीत, आणि उतारावर तो कलंडण्याची भीती मोठी. आधाराचे पाय घट्ट जमिनीवर टेकल्याशिवाय खोदाई नको.

माझं मत विचाराल, तर पाच एकरांच्या एकट्या धन्यानं कर्ज काढून हे घेऊ नये, भाड्यानं काम उरकावं. आठ-दहा बागायतदारांचा गट असेल, वर्षभर कामं असतील आणि हात बसलेला एकच चालक ठरलेला असेल, तर जरूर घ्यावं. तोवर एक वही करा. वर्षभर खोदाईचा प्रत्येक तास तिच्यात लिहा. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी ती वही एकदा घरच्यांसमोर उघडा.