जुनं पिस्तूल, हट्टी मॅगझिन

'मॅगझिन अडकलं' असं म्हटलं की आपल्या मंडळाच्या सभासदांना वाटणार, आपलं त्रैमासिकच पुन्हा छापखान्यात अडकलं! तसं नाही. हे मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची ती पत्र्याची चपटी पेटी. तिच्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना वर ढकलते. नेमबाजीचे जुने पिस्तूल बिघडले असे लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा बिघडलेली असते ती ही पेटी.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल चालवलेली आहे. इथे अमेरिकेत आल्यावर मुलं शाळेच्या वा क्लबाच्या नेमबाजीत पडतात, आणि मग आईवडिलांच्या डोक्यातली ती जुनी हौस जागी होते. तिकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, तेही याच पॉइंट टू-टूच्या काडतुसावर. नवं स्पर्धेचं पिस्तूल महाग असतं. म्हणून कुणी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं, कुणी क्लबातल्या जुन्या सभासदाचं पिस्तूल रीतसर कागदपत्रं करून घेतो. ही पिस्तुलं मुळात फार चांगली. कोल्टचं वुड्समन १९१५ पासून १९७७ पर्यंत निघत होतं. रुगरचं पहिलं १९४९ चं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ हे १९५७ चं. आणि हाय स्टँडर्ड! ही कंपनी १९२६ साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला निघाली ती बंदुकीच्या नळ्यांना भोक पाडायची लांब ड्रिलं करायला. १९३२ मध्ये तिने हार्टफर्ड आर्म्स ही कंपनी विकत घेतली आणि पिस्तुलांत उतरली. मूळ कारखाना १९८४ साली बंद झाला, पण सायटेशन, ट्रॉफी, व्हिक्टर ही तिची पिस्तुलं अजून रेंजवर दिसतात. नेम उत्तम, चाप लोण्यासारखा, आणि मॅगझिनच्या बाबतीत मात्र सासूबाईंसारखा काटेकोर स्वभाव.

दोष का येतो हे समजायला आधी काडतुसाकडे पाहावं. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं, म्हणजे अशा आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांच्या आधीचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पितळी नळकांडं साधारण ५.७ मिलिमीटर जाड, तर कड सुमारे ७ मिलिमीटर. पेटवणारा मसालाही त्या कडेतच भरलेला, त्यामुळे कड काढून टाकायची सोय नाही. आता अशी काडतुसं एकावर एक रचायची, तर वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे पडली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. त्यातून गोळी मऊ शिशाची, वर मेण नाहीतर ग्रीस. कुठे घासली की तिचं नाक चेपतं.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात हेच झालं. मुलगी सोळा वर्षांची, पिस्तूल वडिलांच्या नावावर, जुनं हाय स्टँडर्ड. इथल्या बुल्सआय स्पर्धेत सावकाश नेमाचे दहा बार दहा मिनिटांत मारायचे असतात, तिथे काही अडचण नव्हती. पण पुढे पाच बार वीस सेकंदांत आणि मग पाच बार दहा सेकंदांत! तिथे तिसऱ्या नाहीतर चौथ्या बाराला हमखास अडकायचं. नियमाप्रमाणे पुन्हा मारायची संधी मिळते, तिला 'अलिबाय' म्हणतात, पण ती वारंवार मिळत नाही. पोरगी रडकुंडीला आली. नेमबाजी सोडते म्हणाली. वडील इंजिनियर, ते गराजमध्ये छोटं फिरतं पॉलिश-यंत्र घेऊन बसले होते: ज्या उतारावरून काडतूस नळीत चढतं तो उतार घासून गुळगुळीत करायचा बेत. त्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, थांबा. घासलेलं पोलाद परत येत नाही. हे पिस्तूल चाळीस वर्षं याच उतारावर चाललंय. आधी मॅगझिनं आणा इकडे."

तीन मॅगझिनं होती. तिन्हींवर १, २, ३ असे आकडे घातले आणि मुलीच्या हातात एक वही दिली. पुढच्या दोन सरावांत प्रत्येक वेळी लिहायचं: कुठलं मॅगझिन, कितवा बार, काडतूस कसं अडकलं. ही वहीच खरा डॉक्टर. तिन्ही मॅगझिनं सारखी अडत असतील तर दोष पिस्तुलात किंवा काडतुसात. एकच अडत असेल तर त्या मॅगझिनात. इथे अकरापैकी नऊ वेळा दोन नंबरचंच निघालं. विचारपूस केली तेव्हा कळलं, ते मागे कधीतरी रेंजच्या सिमेंटवर तोंडावर पडलं होतं.

'कसं अडकलं' हे बारकाईने पाहायला हवं. गोळीचं नाक खाली उतारात रुतलेलं असेल तर मॅगझिनच्या तोंडाचे दोन ओठ आत दबलेले असू शकतात, स्प्रिंग मऊ झालेली असू शकते, किंवा भरतानाच कडा उलट्या बसलेल्या असतात. नाक वर जाऊन चेंबरच्या वरच्या काठाला टेकलं असेल तर ओठ पुढच्या बाजूला फाकलेत असं समजावं. स्लाइड काडतुसाच्या डोक्यावरून निघून गेली आणि चेंबर रिकामंच राहिलं, तर काडतूस वेळेवर वर आलं नाही: स्प्रिंग थकली, आत घाण साचली, किंवा मॅगझिन पुरतं वर बसतच नाही. (रिकाम्या पिस्तुलात मॅगझिन घालून खालून बोटाने ढकलून पाहा. ते बरंच वर सरकलं तर त्याला धरणारी खिट्टी झिजली आहे.) आणि रिकामं नळकांडं दारात चिमणीसारखं उभं अडकलं, तर तो दोष बहुधा मॅगझिनचा नव्हेच. काडतूस कमजोर, किंवा ओढून काढणारी आकडी घाणीने भरलेली. कितवा बार, हेही बोलकं असतं. शेवटच्या दोनांवर अडलं तर स्प्रिंगवर संशय, कारण तिथे तिचा जोर सर्वांत कमी. मध्येच कुठेही अडलं तर कडा.

हे सगळं पाहताना एक गोष्ट कधीही विसरायची नाही. अपघात होतात ते नेमके अडकल्यावर! माणूस चिडतो, पिस्तूल चेहऱ्यासमोर आणून आत डोकावतो आणि नळी शेजाऱ्याकडे फिरते. नळी सदैव निशाण्याकडे, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे अडकवायची. चाप ओढला आणि बार झालाच नाही तर नळी निशाण्याकडे धरून तीस सेकंद थांबायचं. नेहमीपेक्षा दबका 'फुस्स' आवाज आला तर पुढचा बार मारायचाच नाही, आधी नळीत गोळी अडकली आहे का ते पाहायचं. घरी तपासणी करायची ती फक्त खोट्या काडतुसांवर, आणि खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

दोन नंबरचे ओठ सरळ करायला अर्धा तास लागला. बरोबर चालणारं एक नंबरचं शेजारी ठेवलं, दोन्हींत एकेक खोटं काडतूस घातलं आणि व्हर्नियरने ओठांमधलं अंतर मोजलं. मोजमाप पुस्तकात शोधण्यापेक्षा चालणारा भाऊ समोर असणं केव्हाही बरं. मग गुळगुळीत तोंडाच्या पकडीने, दोन केस जाडीइतकं, एकदाच. पुन्हा मोजायचं. डावा-उजवा सारखे हवेत. पुन्हा पुन्हा वाकवलेलं पोलाद शेवटी तडकतं, म्हणून तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही तर ते मॅगझिन निकालात काढावं. नवं घेताना जपून! हाय स्टँडर्डच्या तिरक्या मुठीच्या आणि 'मिलिटरी' मुठीच्या पिस्तुलांची मॅगझिनं वेगवेगळी असतात, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. जत्रेसारख्या गन-शोमध्ये डबाभर मॅगझिनं स्वस्तात मिळतात, पण त्यातली पुष्कळशी कुणीतरी वैतागून टाकलेलीच असतात.

सफाईचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, आणि गुणही सगळ्यांत जास्त तिथेच. तळाची पट्टी काढली की स्प्रिंग टुणकन उडते, म्हणून अंगठा वर ठेवावा. आतली काळी मेणकट पुटं सॉल्व्हंटने धुवायची, कोरडं पुसायचं. आत तेल नको. तेलाला धूळ चिकटते आणि दोन आठवड्यांत शिरा होतो. हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करायचं नाही. त्या काळ्या घाणीत शिसं असतं. लहान मुलं लांब, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ. स्प्रिंगा स्वस्त आहेत. पन्नास वर्षांच्या मॅगझिनला नवी घालायला विचार कसला करायचा?

भरायचीही पद्धत असते. बाजूचं बटण एकदम तळाशी ओढून काडतुसं आत टाकली की ती वेडीवाकडी पडतात आणि कडा अडकतात. एका काडतुसापुरतंच बटण खाली, काडतूस समोरून मागे सरकवायचं, आणि प्रत्येक कड खालच्याच्या पुढे बसली का ते पाहायचं. स्पर्धेत एका वेळी पाचच लागतात, तेव्हा दहा कोंबायची गरज नाही.

काडतुसांचं म्हणाल तर ही पिस्तुलं 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी'साठी जुळवलेली आहेत, म्हणजे सेकंदाला साधारण १०७० फूट, आवाजाच्या वेगापेक्षा थोडं कमी. सुपरमार्केटात मिळणारं 'हाय व्हेलॉसिटी' जोरात मारतं, स्लाइड इतकी वेगाने मागेपुढे जाते की म्हाताऱ्या स्प्रिंगला काडतूस वर उचलायला वेळच मिळत नाही, आणि जुन्या सांगाड्यालाही ते सोसत नाही. दोन-तीन चांगल्या कंपन्यांची एकेक पेटी घेऊन वहीत नोंद करावी. जे चाललं तेच पुढे घ्यावं.

एक कायद्याची गोष्ट, कारण आपल्याकडे एच-१ वर आलेली मंडळी पुष्कळ. अमेरिकेच्या संघीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. अपवाद आहेत, पण मोजके. मित्राबरोबर रेंजवर 'जरा हात मारून बघू' म्हणण्याआधी वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी, तरी राज्याराज्यांचे नियम निराळे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर अशी पिस्तुलं घरी ठेवताच येत नाहीत, तेव्हा लंडनच्या चुलतभावाला भेट द्यायचा विचार नको.

मॅगझिनं ठीक, काडतुसं ठीक, तरी अडतंच असेल तर पिस्तुलाकडे वळायचं. पूर्वीच्या मालकाने रिकामा चाप ओढून वर्षानुवर्षं सराव केला असेल तर फायरिंग पिन आपटून चेंबरच्या काठावर बारीकसा खिळा उमटतो आणि काडतूस तिथे अडतं. मागची मुख्य स्प्रिंगही थकलेली असू शकते. ही कामं जुनी पिस्तुलं हाताळणाऱ्या गनस्मिथची. त्याच्याकडे जाताना पिस्तूल रिकामं, सगळी मॅगझिनं नंबरासकट, काडतुसांची पेटी वेगळी बंद, आणि ती वही. आमच्या त्या मुलीची वही पाहून गनस्मिथने पिस्तूल उघडलंच नाही. तीन नंबरच्या मॅगझिनची स्प्रिंग बदलून दिली आणि पैसे स्प्रिंगचेच घेतले.