संगणकाची कच्ची वही

उत्तरपत्रिकेत कच्च्या कामासाठी आपण एक पान राखून ठेवतो. आकडेमोड तेथे करायची आणि नेटके उत्तर योग्य जागी उतरवायचे. छायाचित्रांवर संस्कार करणारी फोटोशॉप ही आज्ञावलीही अशीच एक कच्ची वही बाळगते. तिला ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणतात. ही वही मला कळली ती मात्र ठेच लागून.

आजोबांच्या तरुणपणीचे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. १० बाय १२ इंचांचे, शाळेतल्या शिक्षकवर्गाचे आणि बुरशीने डागाळलेले. ते आजीसाठी दुरुस्त करावे, असे मी ठरविले. दर इंचाला ६०० ठिपके या मापाने ते स्कॅन केले, तेव्हा ६००० गुणिले ७२००, म्हणजे ४ कोटी ३२ लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट धरले, तर नुसते मूळ चित्रच सुमारे २६० मेगाबाइटचे होते. त्यावर चढविलेला प्रत्येक पूर्ण थर जवळजवळ तेवढीच भर घालतो. शिवाय केलेली कृती मागे घेता यावी म्हणून आधीच्या पायऱ्याही जपून ठेवाव्या लागतात. हा पसारा रॅममध्ये मावेनासा झाला की उरलेला भाग डिस्कवर लिहिला जातो. माझ्या लॅपटॉपची डिस्क आधीच भरत आलेली. ‘स्क्रॅच डिस्क भरल्या आहेत’ असे सांगून काम थांबले.

मग मित्राकडून बाह्य हार्ड डिस्क आणली. प्रेफरन्सेसमधील ‘स्क्रॅच डिस्क्स’ या पानावर तिच्यापुढे खूण केली आणि आज्ञावली बंद करून पुन्हा उघडली. काम सुरू झाले, पण बैलगाडीच्या चालीने! कारण दुहेरी होते. आतली तबकडी फिरणारी, त्यामुळे वाचणाऱ्या टोकाला सारखी धावपळ करावी लागे. आणि जोडणी जुन्या यूएसबी २.० ची. तिचा वेग कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तशात कोपराचा धक्का लागून केबल निसटली. आज्ञावली बंद पडली आणि जतन न केलेले दोन तासांचे काम गेले. कच्च्या वहीतल्या त्या खुणांवरून चित्र पुन्हा उभे करता येत नाही.

त्यातून शिकलो ते सांगतो. आतली डिस्क एसएसडी असेल आणि तीत भरपूर मोकळी जागा असेल, तर बाहेरच्या डिस्कची गरजच नाही. जागा नसेल तर बाहेरचीही एसएसडीच घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो. जोडणी निदान यूएसबी ३.० ची असावी. तिचा कागदोपत्री वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. या कामाला पेनड्राइव्ह वापरू नये. जागेअभावी आज्ञावली उघडतच नसेल, तर ती सुरू होताना विंडोजवर कंट्रोल व आल्ट, मॅकवर कमांड व ऑप्शन या कळा दाबून धराव्यात, म्हणजे दुसरी डिस्क निवडता येते. काम चालू असताना केबलला हात लावू नये. आणि स्क्रॅच डिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे कधीही विसरू नये. काम संपवून आज्ञावली बंद केली की ती वही पुसली जाते.

दुसऱ्या खेपेस मी दर दहा मिनिटांनी काम जतन करीत गेलो. आजोबांच्या गालावरचा डाग निघाला, तेव्हा आजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. कच्चे काम कितीही केले, तरी गुण मिळतात ते पक्क्या पानावर उतरविलेल्या उत्तरालाच!