घासात अमरवेल आली कुठून?

गेल्या आठवड्यात देवभात या भातातल्या तणावर लिहायचा शब्द दिला होता. तो पुढच्या खेपेला पाळतो, कारण किकवीच्या एका वाचकांचा प्रश्न मध्येच आलाय आणि तो बाजूला ठेववत नाही. घरी दुभती जनावरं, त्यांच्यासाठी ३ गुंठे लसूणघास. बी सीलबंद पिशवीतलं. दुसऱ्या कापणीनंतर वाफ्यात दोन-तीन ठिकाणी अमरवेलीच्या पिवळ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. ते विचारतात, ‘पिशवीवर शुद्धता ९८ टक्के छापलीय, मग ही बया आली कशी? दुकानदाराला धरू का?’

धरण्याआधी थोडा हिशेब. घासाचं बी बारीक, ग्रॅमला साधारण ५०० दाणे. म्हणजे किलोला ५ लाख. त्यात अमरवेलीच्या ५ बिया असतील तर प्रमाण झालं लाखात एक. ९८ टक्क्यांच्या आकड्याला याचा वाससुद्धा लागत नाही. म्हणूनच बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत ‘आक्षेपार्ह तण’ हा रकाना वेगळा असतो आणि तिथे टक्के चालत नाहीत, किलोमागे बिया मोजतात. भाताच्या पायाभूत बियाण्यात किलोला २, प्रमाणित बियाण्यात ५, त्यापुढे लॉट नापास. कुठलं तण आक्षेपार्ह ते पिकागणिक बदलतं. भातात देवभात, गव्हात चांदवेल, बरसीमात कासनी आणि घासात आपली अमरवेल.

हा रकाना मला फार आवडतो. पण त्याच्या पाठीमागची तपासणी बघा. घासाच्या नमुन्यातले ५ ग्रॅम शुद्धतेसाठी तपासतात आणि परक्या बिया मोजायला घेतात ५० ग्रॅम. किलोला ५ बिया असलेल्या लॉटमधून असे ५० ग्रॅम काढले, तर चारपैकी तीन वेळा टेबलावर अमरवेलीची एकही बी येणार नाही. तपासणारा कितीही डोळस असो. लॉट प्रामाणिकपणे पास होतो आणि बी शेतात जातं. हेक्टरी २५ किलोच्या हिशेबाने ३ गुंठ्यांना पाऊण किलो बी लागतं, त्यात पडल्या तीन-चार बिया. आपल्या वाचकांच्या वाफ्यात जाळीही जवळपास तेवढीच आहेत. पुरावा नव्हे, पण संशयाला जागा आहे.

उरलेलं बी पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंग धरा. घासाचा दाणा पिवळसर, गुळगुळीत, मूत्रपिंडाच्या आकाराचा. अमरवेलीचं बी मातकट, निस्तेज, एका बाजूने गोल, दुसरीकडून चपटं-कोनदार आणि पृष्ठभाग खरबरीत. त्यातलं लहान बी बारीक चाळणीतून पडून जातं. घासाच्या मापाचं असेल ते पडत नाही. मग कारखान्यात त्या खरबरीतपणाचाच फायदा घेतात. बियाण्याला किंचित ओल देऊन लोखंडाची भुकटी चोळतात. गुळगुळीत दाण्याला ती चिकटत नाही, अमरवेलीच्या खाचांत बसते. मग सगळं बी चुंबकाच्या फिरत्या नळकांड्यावरून सोडलं की घास खाली पडतो आणि अमरवेल चुंबकाला धरून राहते. दुसऱ्या यंत्रात मखमल चढवलेले रूळ असतात, खरबरीत बी मखमलीला अडकतं. तण वेगळं करायला मखमल! ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

वेल्ह्याकडच्या डोंगरउतारावरच्या कारळ्यालाही अमरवेल छळते. अमेरिकेत कारळे पाखरांचं खाद्य म्हणून विकले जातात आणि तिथला नियम असा, की आयात कारळे १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं भाजलेलेच हवेत, म्हणजे त्यातलं तण मरेल. कारळेही मरतात, पण पाखरांना त्याचं काय! पेरणीच्या बियाण्याला हा उपाय अर्थातच नाही.

आता पिशवीच्या बाजूनेही बोलायला हवं. अमरवेलीचं कठीण बी गुरांच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, शेणखतातून शेतात येतं आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पाटाच्या पाण्यानेही येतं. शिवाय तिसऱ्या-चौथ्या वर्षी घास बियाण्याला सोडायचा आणि शेजाऱ्याला दोन किलो द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. १९६६च्या बियाणे कायद्याचं २४वं कलम अशा देवघेवीला सरळ मोकळीक देतं. स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरायला दिलं, तर कायदा लागूच होत नाही. ही सवलत असावीच, या मताचा मी आहे. ती गेली तर गावठी वाण टिकणार नाहीत. मात्र असं बी घेताना भिंग आपणच धरायचं.

तेव्हा वाचकहो, जाळी कुठे आहेत ते आधी बघा. पाटाच्या कडेने किंवा उकिरड्याचं खत पडलं तिथेच असतील तर दुकानदाराला सोडा. वाफ्यात कुठेही विखुरलेली असतील तर पिशवी, लेबल, पावती आणि उरलेलं बी जपून ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. सदोष बियाण्यामुळे पीक गेल्याची लेखी तक्रार आली, तर बियाणे निरीक्षकाने लेबल, पिशवी आणि शिल्लक बियाण्याचा नमुना ताब्यात घ्यावा, असं बियाणे नियमांतला २३-अ हा नियम सांगतो. जाळी मात्र तोवर ठेवू नका. पांढरी फुलं धरायच्या आत तेवढा घास जमिनीलगत कापा आणि जाळा. जनावरांपुढे टाकू नका.