खुर्ची आणि लेखणी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

सरकारी अधिकारी आणि साहित्यिक ही दोन माणसे एकाच देहात सुखाने नांदू शकतात काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कचेरीच्या भाषेत ‘मी’ नसतो. तेथे निर्णय ‘घेण्यात येतो’, अर्ज ‘निकाली काढण्यात येतो’. साहित्याला मात्र हाडामांसाचा माणूस लागतो. तरीही मराठीत अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या बऱ्याच आहेत, आणि त्यात आपला मराठवाडाही मागे नाही. हे कसे घडते, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

ही परंपरा जुनी आहे. १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रातून समाजाला खडे बोल सुनावणारी शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. पुढे ते न्यायाधीशही झाले. लिहिताना त्यांनी ‘लोकहितवादी’ हे नाव घेतले. फ्रान्समध्येही असेच एक उदाहरण सापडते. आलेक्सी लेजे हे तेथील परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च सचिव होते. कविता मात्र ते सेंट-जॉन पर्स या नावाने लिहीत. वरच्या पदावर असताना त्यांनी काव्य प्रसिद्ध करणे जवळजवळ थांबवले होते. १९४० मध्ये पद गेले, लेखणी पुन्हा चालू झाली, आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. देश कोणताही असो, खुर्ची आणि लेखणी यांच्यात ओढाताण ही असतेच.

आपल्याकडे या ओढाताणीला नियमांचेही रूप आहे. अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे वर्तणूक नियम सांगतात की, निव्वळ साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनाला पूर्वपरवानगीची गरज नाही; परंतु शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येणार नाही. अधिकारी कथा-कादंबरीकडे का वळतो, याचे एक उत्तर मला येथे दिसते. लेखात जे स्वतःच्या नावाने म्हणता येत नाही, ते कथेतील पात्राच्या तोंडी घालता येते.

आता आजची उदाहरणे पाहू. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ सर्वांना ठाऊक आहे. पण प्रशासनातील माणसाच्या दृष्टीने त्यांची ‘झाडाझडती’ अधिक महत्त्वाची. धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्या विस्थापितांची ही कादंबरी. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्याचेच लक्ष्मीकांत देशमुख यांनी ‘पाणी! पाणी!’ या संग्रहात टंचाईच्या कथा लिहिल्या. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी स्त्रीभ्रूणहत्या रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याची मोहीम राबविली, आणि त्याच विषयावर ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रहही लिहिला. २०१८ च्या बडोदा येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शासनसेवेतच वरिष्ठ पदांवर राहिलेले भारत सासणे मूळचे जालन्याचे. त्यांच्या दीर्घकथेत कचेरीपेक्षा माणसाच्या मनातला अंधारच जास्त येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीर येथे भरलेल्या ९५ व्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

अधिकारपदामुळे लेखकाला काय मिळते? टँकरचेच उदाहरण घेऊ. आमच्या गावी उन्हाळ्यात माझी आई हंडा घेऊन रांगेत उभी राहते. टँकर आला किंवा आला नाही, एवढेच तिला कळते. परंतु त्यामागे ग्रामपंचायतीचा ठराव असतो, पंचायत समितीकडे गेलेला प्रस्ताव असतो, तहसीलदार व गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी असते, मग मंजुरी आणि शेवटी खेपांची नोंदवही. यातील कोणत्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहिला, हे आतल्या माणसालाच ठाऊक. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्या गाडीमागची कागदांची गाडी कोणी पाहिली नाही. अधिकारी-लेखक ही दुसरी गाडी दाखवू शकतो.

मात्र त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला गाव दिसते ते बहुधा जीपमधून. लोक त्याच्यापुढे हात जोडून बोलतात, आणि हात जोडलेला माणूस सगळे खरे बोलत नाही. शिवाय तीन वर्षांनी बदली होते. विहीर मात्र तिथेच राहते. म्हणून रांगेतल्या माणसानेही लिहिले पाहिजे. आतून लिहिलेले आणि रांगेतून लिहिलेले असे दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तरच दुष्काळ पुरता कळतो.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्याला कारण आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी ‘मॅडम’ व्हावे, सातबाऱ्यासाठी कोणापुढे ताटकळू नये, असे वडिलांना वाटते. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांत माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली पहाटेपासून बसलेली असतात. तेथे कादंबरी उघडली की शेजारची मैत्रीण विचारते, ‘हे सिलॅबसला आहे का गं?’ नाही, ते तसे सिलॅबसला नाही. पण उद्या आपल्यापैकी कोणीतरी एखाद्या म्हातारीच्या अर्जावर शेरा मारणार आहे. त्या अर्जामागे एक माणूस उभा आहे, हे कोणत्याही गाईडात छापलेले नसते. ते कथा-कादंबरीतून कळते. परीक्षा पास होऊन खुर्ची मिळेल अथवा न मिळेल. वाचण्याची आणि लिहिण्याची सवय मात्र त्यासाठी सोडू नये, एवढेच माझ्या मित्र-मैत्रिणींना सांगावेसे वाटते. मी तरी ती सोडणार नाही.