निकाहनामा आहे, मग फाईल का अडते? पत्नीला आखातात नेण्याआधी कागदांची तयारी

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. कडेवर सात महिन्यांचं बाळ, हातात प्लास्टिकची फाईल. नवरा शारजात नोकरीला. पगार बरा, घर भाड्याने घेतलेलं, कंपनीची हरकत नाही. तरीही फॅमिली व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नव्हता.

फाईल उघडली तेव्हा कारण कळलं. उर्दूतला निकाहनामा होता, पण सरकारी विवाह नोंदणी नव्हती. लग्नानंतर नवरा महिन्याभराची सुट्टी संपवून परत गेला होता. त्या महिन्यात दावती झाल्या, पाहुण्यांकडे जाणं झालं, पण नोंदणी कुणालाच सुचली नाही. आणि नोंदणीला तर नवरा-बायको दोघंही समोर लागतात! म्हणजे पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणं आलं. बाळाच्या अब्बांनी बाळाला तोवर फक्त मोबाईलवर पाहिलेलं.

दुसरी अडचण आमच्याच घरची निघाली. तिच्या जन्मदाखल्यावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. बोर्डाचा फॉर्म शाळा भरते. म्हणजे ती चूक आमच्या हातची होती. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

निकाहनामा आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी

निकाहनामा हा निकाहचा पुरावा आहे. काझीसाहेबांची सही, गवाह, मेहेरची रक्कम, सगळं त्यात असतं. तो जपून ठेवायचाच, आणि त्याची एक प्रत मुलीकडे असायलाच हवी. पण परदेशी कचेरीला लागतं ते सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र.

महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लग्नांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये सर्वधर्मीयांची विवाह नोंदणी सक्तीची करावी, असं सांगितलं. 90 दिवस उलटले तरी नोंदणी होते, पण विलंब शुल्क भरावं लागतं. शहरात महापालिकेकडे आणि खेड्यात ग्रामसेवकाकडे हे काम असतं. दोघांचे वयाचे व राहण्याचे पुरावे, फोटो, निकाहनामा, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार यांची तयारी ठेवा. काझीसाहेबांची सही फॉर्मवरही लागते, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा.

नवरा परदेशात असेल तर आमचा एकच आग्रह आहे. वलीमा झाला की पहिलं काम नोंदणीचं. सुट्टीचे दिवस कसे उडून जातात ते आपल्याला माहीत आहे.

यात मुलीचंही हित आहे. उद्या व्हिसा झाला नाही, किंवा अल्लाह न करो, संसारात काही बिनसलं, तर लग्न झाल्याचा सरकारी कागद तिच्या हातात असतो. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. पैशासाठी जर एवढी काळजी, तर लेकीच्या आयुष्यासाठी किती हवी?

मगरिबनंतरचा निकाह आणि तारीख

आपल्याकडे पुष्कळ निकाह मगरिब किंवा इशानंतर होतात. हिजरी तारीख मगरिबला बदलते, इंग्रजी तारीख रात्री बारा वाजता. निकाहनाम्यावर नुसती हिजरी तारीख असेल आणि कुणी नंतर कॅलेंडर बघून तिची इंग्रजी तारीख काढली, तर एका दिवसाचा फरक पडू शकतो. मग निकाहनाम्यावर एक तारीख, पत्रिकेवर दुसरी. म्हणून निकाहनाम्यावर दोन्ही तारखा तिथेच, त्याच वेळी लिहून घ्या.

नाव एकच, स्पेलिंग एकच

सर्वांत जास्त फाईली इथे अडतात. एका कागदावर 'मोहम्मद' पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर इंग्रजीत चार अक्षरी संक्षेप. 'शेख'ची तर तीन-चार स्पेलिंग घरोघरी सापडतात. आपल्याला माणूस एकच दिसतो, पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला दोन दिसतात.

शिवाय आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची रीत आहे. समजा, मुलगी आयेशा रफीक मुल्ला. लग्नानंतर ती आयेशा इम्रान बागवान होते. आधारवर नवं नाव, पासपोर्टवर जुनं, दाखल्यावर जुनं, बँकेत नवं. अशा वेळी एक गोष्ट लक्षात घ्या. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्यात सक्ती नाही. वालिदांचं नाव तसंच ठेवणं आपल्या दीनच्या रीतीलाही धरूनच आहे. पासपोर्टवर पतीच्या नावासाठी वेगळी जागा असते, तिथे ते येतं. सगळे कागद माहेरच्या नावाने असतील तर ते तसेच राहू द्या, निम्मं काम वाचेल.

नाव बदलायचंच असेल तर अर्धवट नको. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि मग आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे एकच नाव करा. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव मुख्याध्यापक आपल्या अधिकारात बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. म्हणून मुलं शाळेत असतानाच जन्मदाखला आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून तपासा. नववी-दहावीत बोर्डाच्या फॉर्मवर सही करताना स्पेलिंग वाचा. आम्ही शिक्षकही माणसंच आहोत.

पासपोर्ट

कोल्हापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. आपलं विभागीय कार्यालय पुण्याला आहे. पासपोर्टमध्ये खाडाखोड करून दुरुस्ती होत नाही, बदल हवा तर नवा पासपोर्ट निघतो. जोडीदाराचं नाव घालायला विवाह प्रमाणपत्र चालतं. 2025 पासून दोघांच्या एकत्र फोटोचं, दोघांच्या सहीचं घोषणापत्रही चालतं. पण व्हिसासाठी हे घोषणापत्र पुरणार नाही, तिथे प्रमाणपत्रच लागेल.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नुसतंच 'शबनम' असा पासपोर्ट असलेल्यांना पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश देण्याबाबत यूएईने नोव्हेंबर 2022 मध्ये निर्बंध आणले. फॅमिली व्हिसाचं काम लांबलं की पुष्कळजण आधी बायकोला भेटीच्या व्हिसावर बोलावतात आणि तिथे अडकतात.

बाळाचा पासपोर्ट वेगळा असतो. त्यासाठी जन्मदाखल्यावर बाळाचं नाव हवं. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बहुधा नाव ठरलेलं नसतं. अकीका झाला की वर्षाच्या आत नाव नोंदवा, तोवर शुल्क लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरा कागद नाही.

शिक्क्यांची साखळी

आपलं प्रमाणपत्र खरं आहे हे परदेशाला पटावं म्हणून त्यावर शिक्के घ्यावे लागतात. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागतं.

यूएई, कतार, कुवेत यांच्यासाठी आधी मुंबईत मंत्रालयातून राज्य सरकारचं साक्षांकन, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग त्या देशाच्या दूतावासाचं किंवा मुंबईतल्या वकिलातीचं. यूएईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि अधिकृत भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर.

सौदी, ओमान, बहरीन यांच्यासाठी राज्य सरकारनंतर परराष्ट्र मंत्रालयाचं 'अपोस्टिल' घ्यायचं. भारत 2005 पासून या आंतरराष्ट्रीय करारात आहे, सौदी डिसेंबर 2022 मध्ये आला. अपोस्टिल झालं की दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नसते. जुना अनुभव असलेले नातेवाईक अजून सौदीलाही दूतावासाचा शिक्का सांगतात. ऐकून घ्या, पण आधी कंपनीकडून खात्री करा.

परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या केंद्रांमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क. एजंट हजारात आकडा सांगेल तेव्हा कशाचे किती, ते लिहून मागा. मूळ कागद दिला की पावती घ्या, आणि देण्याआधी प्रत्येक पानाचा स्कॅन करून ठेवा. आणि हो, प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का बसत नाही.

नवऱ्याकडची तयारी

यूएईत पत्नीला बोलवायला पगार किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि राहायची सोय, अशी अट आहे. पगाराचा दाखला किंवा नोकरीचा करार, घराचा नोंदवलेला भाडेकरार, स्वतःचा वैध रहिवास आणि एमिरेट्स आयडी लागतो. आधी पत्नीचा प्रवेश परवाना निघतो. ती तिथे पोचली की वैद्यकीय तपासणी, आयडी आणि मग रहिवास. दुसऱ्या देशांच्या अटी वेगळ्या आहेत. सौदीत तर व्हिसावरचा नवऱ्याचा हुद्दाही बघतात.

आधी घरात, मग खिडकीवर

एका सुट्टीच्या दिवशी सगळे कागद घरात जमिनीवर मांडा. एका वहीत प्रत्येक कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, निकाहची तारीख जशीच्या तशी उतरवा. फरक दिसेल तिथे लाल खूण करा. आधी त्या खुणा मिटवा, मगच रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठा. नाहीतर मंत्रालयाच्या दारातून तसंच परत यावं लागतं.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा नवरा पुढच्या सुट्टीत आला. पहिल्या आठवड्यात नोंदणी झाली. गुणपत्रिकेची भानगड बाजूला ठेवून आम्ही तिचे बाकी सगळे कागद जन्मदाखल्याशी जुळवले. शिक्के व्हायला वेळ लागला, पण ती गेली. जाताना म्हणाली, "सर, हे निकाहच्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर?"

ज्यांच्या घरी यंदा निकाह आहे, त्यांना आम्ही आजच सांगून ठेवतो.