डोंगरमाथ्याचं रान आणि आगरातलं पाणी

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने 1970च्या दशकात एक देवराई वाचवली. गावाभोवतीचे डोंगर तोवर बरेचसे उघडे पडले होते. जुनं, उंच रान उरलं होतं ते फक्त देवराईत, आणि गावाचा ओढा निघायचा तो तिच्यातूनच. वनखात्याने ही राई तोडीला धरली तेव्हा गाव अस्वस्थ झालं. राई गेली की ओढा आटेल, एवढं साधं म्हणणं होतं. त्या सुमारास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ राज्यातल्या देवरायांची पाहणी करत हिंडत होते. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे दाद मागितली, दोघांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड थांबली.

गाणीकरांना काळजी होती उन्हाळ्यातल्या पाण्याची. पण जे रान मे महिन्यात ओढा वाहता ठेवतं, तेच जुलैत त्या ओढ्याला अंगावर येऊ देत नाही. पूर आणि टंचाई यांच्यासाठी आपल्याकडे दोन वेगळी खाती, दोन वेगळे आराखडे आणि दोन वेगळ्या बैठका असतात. श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावर मात्र या दोन्ही गोष्टी एकाच उतारावर ठरतात.

इथली जमीनच तशी आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यात जागा थोडी. डोंगरउताराखाली भातखाचरं, त्याखाली वाळूच्या पट्ट्यावर नारळी-पोफळीची आगरं, आणि आगरापलीकडे पुळण. डोंगरावर पडलेलं पाणी समुद्राला मिळायला काही किलोमीटरच चालतं. देशावरच्या नद्यांना पूर चढायला दिवस लागतो. इथल्या ओढ्यांना तास-दोन तास पुरतात. त्यातून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं की भरतीचं पाणी मुखाशी अडून बसतं आणि डोंगराचं पाणी आगरात, पाखाडीत, घरांच्या जोत्यापर्यंत पसरतं. म्हणून या किनाऱ्यावर एकूण पाणी किती आलं यापेक्षा ते किती वेळात आलं याला जास्त महत्त्व आहे. ओढ्याचं पाणी दोन तासांऐवजी सहा तासांत खाली आलं, तर मधल्या ओहोटीत बरंचसं निघून जातं.

आकडा समजून घेऊ. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 10 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला 40 टँकर. कोकणात जुलै महिन्यात 100 मिलिमीटर ही एका दिवसाची साधी गोष्ट; दोनशे झाला तरी कुणी दचकत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा प्रश्न असा की एकरामागच्या त्या 40 टँकरांपैकी किती जमिनीच्या पोटात जातात आणि किती पाठीवरून धावतात.

जुन्या राईत मुसळधार पावसात उभं राहून बघावं. वर पाऊस कोसळत असतो, खाली तो थेंबाथेंबाने, पानापानावरून, खोडांवरून ओघळत येतो. पाऊस थांबल्यावरही राई बराच वेळ ठिबकत राहते. पायाखालचा पाचोळा हाताने उकरला तर वर यंदाची सुकी पानं, त्याखाली गेल्या वर्षीची, काळी पडून चाळण झालेली, त्याखाली बुरशीचे पांढरे तंतू आणि मग भुसभुशीत माती. तिच्यात गांडुळांची बिळं, वाळव्यांच्या वाटा आणि कुजून गेलेल्या मुळांच्या जागी उरलेल्या पोकळ नळ्या. तांब्याभर पाणी ओतलं तर ते वाहत नाही, जागच्या जागी नाहीसं होतं. शेजारच्या उघड्या, गुरांनी तुडवलेल्या उतारावर तोच तांब्या ओता. पाणी लाल होऊन खडे सोबत घेत सुटतं.

जंगलाचं पाण्याच्या बाबतीतलं काम जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत चालतं. झाडांची उंची आणि हिरवेपणा डोळ्यांना दिसतो, पण पाणी जिरतं ते पाचोळ्यात आणि मुळांनी पोखरलेल्या मातीत. त्यामुळे पाण्यासाठी रानाची व्यवस्था करायची म्हणजे रानाची जमीन सांभाळायची. झाडं किती लावली हा हिशेब त्यानंतरचा.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच सह्याद्रीत, जगदीश कृष्णस्वामी, माइक बॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोजमापं केली. 2013 साली त्यांचा निबंध आला. त्यांनी तीन प्रकारच्या जमिनी तपासल्या: कमी वापराचं नैसर्गिक रान, तोड-चराईने झिजलेली जमीन, आणि अशाच झिजलेल्या जमिनीवर केलेली अकेशियाची लागवड. नैसर्गिक रानाची माती सर्वांत जास्त पाणी पीत होती. झिजलेल्या जमिनीवरून पाणी धावत होतं. आणि अकेशियाखाली वर्षं उलटूनही मातीची ताकद अर्धवटच परत आली होती. कोकणात रस्त्याकडेला आणि माळावर अकेशियाच्या ज्या रांगा उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघताना हे लक्षात असावं. त्या अगदीच निरुपयोगी नाहीत, पण ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, उंबर, कारवी यांच्या मिश्र रानाची जागा त्या घेत नाहीत.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण जंगल असतं तर पूर आलाच नसता असं दर पुरानंतर आपण फार सहज म्हणतो. 2005 साली जागतिक अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय वनसंशोधन केंद्र यांनी मिळून जंगल आणि पूर या विषयावर अहवाल काढला. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की लहान खोऱ्यांतले, नेहमीचे पूर जंगलामुळे सौम्य होतात. पण मोठ्या नदीखोऱ्यांतले महापूर जंगलाने थांबल्याचा पुरावा नाही, आणि त्यांचं खापर डोंगरातल्या शेतकऱ्यांवर फोडणं चुकीचं आहे. नेमकं त्याच वर्षी, 25-26 जुलैच्या पावसात महाड परिसरात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसं गेली.

मोठा पूर रानाने थांबत नाही, सावित्री नदी ही याची साक्षच. ती महाबळेश्वरात उगम पावते, महाडला काळ आणि गांधारीचं पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरापाशी, म्हणजे श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राला मिळते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. महाड पाण्याखाली गेलं, आणि 22 जुलैला तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं दगावली. असा पाऊस दोन-तीन दिवस आधीच भिजून तुडुंब झालेल्या जमिनीवर पडतो, तेव्हा कुठलंही रान तो पिऊ शकत नाही. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी ही डोंगरातली वस्ती दरडीखाली गाडली गेली. तिच्या माथ्यावरचा डोंगरही काही बोडका नव्हता. झाडांची मुळं वरची माती धरतात, खोल निसटणारा कडा धरत नाहीत.

मग हे सगळं कशासाठी? कारण महापूर पंधरा-वीस वर्षांनी एकदा येतो आणि साधा पूर दर पावसाळ्यात येतो. आगरात पाणी शिरणं, खाचरात रेती येऊन पडणं, रस्त्याच्या मोऱ्या तुंबणं, विहिरी गढूळ होणं हे वर्षानुवर्षांचं नुकसान असतं, आणि ते पंचनाम्यात बसत नाही. त्यावर रानाचा उपाय चालतो. शिवाय रानाने गाळ अडवला तर खाडीचं तोंड उथळ होत नाही, आणि मोठा पूर आला तरी त्याला वाहायला खोली मिळते. जुलैत बागमांडल्याच्या धक्क्यावरून खाडीचं तांबूस पाणी पाहिलं की डोंगराची किती माती रोज समुद्राला जाते याचा अंदाज येतो.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या पिकरिंग या छोट्या गावाने हा मार्ग धरला. पूरभिंत बांधायचा खर्च परवडेना, म्हणून 2009 पासून तिथे वरच्या रानातल्या ओढ्यांत लाकडाच्या ओंडक्यांचे, मुद्दाम गळके ठेवलेले 167 बांध घातले, झाडं लावली, आणि गावाच्या वर पूरपाणी थोडा वेळ साठवणारा मोठा बंधारा केला. 2015च्या नाताळातल्या पावसात आजूबाजूची गावं बुडाली, पिकरिंग वाचलं. पुराचा कळस 15 ते 20 टक्क्यांनी उतरला असा हिशेब निघाला. पण तो पाऊस होता दीड दिवसात साधारण 50 मिलिमीटर. आपल्याकडे तेवढा दुपारच्या एका सरीत पडतो. त्यामुळे त्यांचे बांध उचलून इथे आणता येणार नाहीत. त्यांच्यापासून घ्यायचं ते इतकंच, की पाणी खाली पोचल्यावर नव्हे, वर असतानाच त्याची चाल मोडायची.

आपल्याकडे त्यासाठी अनघड दगडी बांध आहेत. डोंगरातल्या लहान घळींत तिथलेच दगड रचून, सिमेंट न वापरता, पाणी झिरपत राहील असे घातलेले. असे बांध माथ्याकडून खाली येत घालायचे असतात. पुष्कळदा उलटं होतं, खाली रस्त्याजवळ एक मोठा बांध होतो आणि दोन पावसाळ्यांत गाळाने भरून जातो. सलग समपातळी चरांबाबत मात्र मी जपून बोलेन. कमी पावसाच्या देशावर त्यांनी चांगलं काम केलं. पण कोकणात, जाड मुरमाड मातीच्या तीव्र उतारावर आणि खाली वस्ती असताना, डोंगराच्या पोटात जबरदस्तीने पाणी कोंडणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी भूवैज्ञानिकाने उतार बघावा.

तोडीचं बघू. कोकणातलं बरंचसं रान मालकीचं आहे. मालक काही वर्षांनी ते ठेकेदाराला विकतो, ठेकेदार सरसकट तोडतो, लाकूड जळणाला किंवा कोळशाला जातं. मालकाला यात दोष देऊन उपयोग नाही. मुलीचं लग्न आणि दवाखान्याचा खर्च याच रानातून निघतो. पण तोडीची पद्धत बदलता येते. ओढ्याच्या दोन्ही काठांना वीस-तीस मीटरचा पट्टा सोडायचा. सगळा डोंगर एका वर्षी न तोडता तुकड्यातुकड्याने, मधे वर्षं सोडून तोडायचा. बीज धरणारी मोठी झाडं राखायची. ऐन-किंजळीच्या खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात, तेव्हा दोन-तीन पावसाळे तिथे गुरं सोडायची नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओंडके सरळ उतारावरून ओढत आणायचे नाहीत. ती ओढीची वाट पहिल्या पावसात घळ होते आणि पुढे कायमची राहते. रान राखणाऱ्या मालकाला काही मोबदला मिळायला हवा, कारण त्याच्या राखण्याचा फायदा खालच्या गावाला होतो. हा विचार आपल्याकडे अजून कागदावरही नीट आलेला नाही.

मोबदल्याचं कारण बाहेर शोधायची गरज नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाळूच्या पट्ट्यावर पिकते, तिथलं गोडं पाणी डोंगरातून झिरपून आलेलं असतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर ते तरंगतं. वरून झिरपणं कमी झालं आणि पंपाचा उपसा वाढला की खारं पाणी वर येतं. पोफळीला उन्हाळाभर शिंपण लागतं. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली आगरं आडवी केली. त्यानंतर नव्याने लावलेली पोफळ धरायला सात-आठ वर्षं जातात आणि तेवढे सगळे उन्हाळे तिला गोडं पाणी लागतं. म्हणजे आगरवाल्याचं भांडवल डोंगरमाथ्यावरच्या रानमालकाच्या आणि वाडीवरच्या कातकऱ्यांच्या हातात आहे. या तिघांना एका ग्रामसभेत एकत्र बसवता येणं शक्य आहे. 2006च्या वनहक्क कायद्यात गावाला सामूहिक वनहक्क मागण्याची तरतूद आहे, आणि रानाची व्यवस्था ठरवण्याचा अधिकार त्यातून येतो.

या सगळ्यांत स्वस्त आणि तातडीचं काम वणव्याचं आहे. वणव्याने मोठी झाडं फारशी मरत नाहीत, म्हणून आपण तो मनावर घेत नाही. जळतो तो पाचोळा, जळतात ती रोपं. मग पहिला मृगाचा पाऊस राखेवर आणि उघड्या मातीवर पडतो, आणि ज्या जमिनीने तो प्यायचा तीच त्याला खाली ढकलते. वर्षाआड वणवा लागणाऱ्या डोंगरावर कितीही रोपं लावा, पाण्याच्या दृष्टीने तो उघडाच राहतो.

भाताची कापणी-झोडणी संपेपर्यंत डोंगरावरचं गवत पिवळं पडतं आणि शिमग्याच्या सुमारास वणवे सुरू होतात. वणवा अडवणारे मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढायला मधले दोन-तीन महिने मिळतात. सगळा डोंगर कुणालाच राखता येत नाही. पण गावाचा ओढा जिथून निघतो तो माथा, त्याच्याभोवतीची राई आणि ओढ्याचे काठ एवढ्याभोवती चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करणं पंधरा-वीस माणसांचं काही दिवसांचं काम आहे. मार्गशीर्षात ते उरकलं तर त्यानंतर पडणारा पाचोळा जागेवर राहतो, आणि जूनचा पाऊस त्याच्यावर पडतो.